कावसजी नायगमवाला : पुण्याच्या वेधशाळेतला मास्तर आणि एक हिरवी रेघ



शास्त्रज्ञांची ओळख करून देताना आपण बहुतेक वेळा तीच ती चार-पाच नावं घेतो. या वेळी मी एक वेगळं नाव घेतोय. खगोल अभ्यासकांना ते चांगलं ठाऊक आहे, पण आपल्या मुलांच्या तोंडी सहसा येत नाही. कावसजी दादाभाई नायगमवाला. आणि त्यांच्यापर्यंत मी पोचलो ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे, म्हणून आधी तो प्रश्न सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावली होती. गाव आटपाडीकडचं. पाऊस कमी, त्यामुळे शेतकरी आभाळाकडे बघून उसासे टाकतो, पण तेच आभाळ दुर्बिणीला फार मानवतं. अमावस्येच्या आसपासचे दिवस, चंद्र नाही. सहा इंची आरशाची साधी दुर्बीण, मोटारीवर फिरणारा स्टँड आणि एका पालकांनी दिलेला डीएसएलआर कॅमेरा, एवढंच सामान. फोटो काढायचा होता डंबेल तेजोमेघाचा, म्हणजे एम २७ चा. हा ‘ग्रहीय तेजोमेघ’ आहे. काही मराठी पुस्तकांत याला बिंबाभ्रिका म्हणतात. ग्रहांशी याचा संबंध काही नाही. म्हातारा झालेला तारा आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो, त्या वायूचा हा फुगा. दुर्बिणीतून ग्रहाच्या तबकडीसारखा दिसतो म्हणून विल्यम हर्शलने असं नाव दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. एम २७ हा सापडलेला पहिला ग्रहीय तेजोमेघ, १७६४ साली शार्ल मेसियेला दिसलेला. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं.

आपल्याकडची एक अडचण सांगून ठेवतो. अभिजित, श्रवण आणि हंस यांच्या त्रिकोणातले हे तेजोमेघ संध्याकाळी ऐन डोक्यावर येतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि तेव्हा साताऱ्याच्या डोंगराळ भागात नुसता पाऊस आणि धुकं. आमच्याकडे पाऊस नसला तरी ढग असतातच. मग उरतात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी, तेही तेजोमेघ पश्चिमेला कलायच्या आत.

पहिल्या रात्री सगळं फसलं. तीस सेकंद शटर उघडं ठेवलं तर ताऱ्यांच्या टिंबांच्या जागी शेवया आल्या. कारण स्टँडचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलेला नव्हता. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, म्हणजे आपल्याकडे जेमतेम १७ अंश, आणि नेमका तिथे शाळेचा कडुलिंब. दुसऱ्या रात्री जागा बदलली, पंधरा-पंधरा सेकंदांचे ऐंशी फोटो घेतले आणि संगणकावर एकावर एक रचले. पडद्यावर हळूहळू चावलेल्या सफरचंदासारखा एक ठिपका उमटला. निळसर हिरवा.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, सर, हा हिरवा का? तारे तर पांढरे, पिवळे, तांबूस असतात. हिरवा तारा कुणी बघितलाय?

प्रश्न अगदी बरोबर होता. आणि याच प्रश्नावर १३० वर्षांपूर्वी लंडन, कॅलिफोर्निया आणि पुणे अशा तीन ठिकाणी डोकेफोड चालली होती. पुण्यातलं डोकं नायगमवालांचं.

कावसजींचा जन्म १८५७ चा. पारशी कुटुंब. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १८७८ मध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन ते एम. ए. झाले (तेव्हा शास्त्र विषयातही एम. ए.च असे) आणि कुलपतींचं सुवर्णपदक मिळवलं. पुढे त्याच कॉलेजात प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवू लागले. म्हणजे पेशाने आपल्यासारखेच, मास्तर.

१८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी कॉलेज बघायला आले. पाहुणे आले की आपण काय करतो? स्वागतगीत, शाल, श्रीफळ, आभार. नायगमवालांनी महाराजांकडे वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा मागितली. महाराजांनी पाच हजार रुपये दिले, आणि मुंबई सरकारने तेवढ्याच रकमेची भर घातली. त्या काळी पाच हजार ही मोठीच रक्कम. हा प्रसंग वाचल्यापासून मी आमच्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो, ते असो.

पैसे हातात आल्यावर ते १८८४ मध्ये उपकरणं घ्यायला इंग्लंडला गेले. तिथल्या ज्योतिर्विदांशी बोलणं झालं आणि बेत बदलला. नुसती प्रयोगशाळा कशाला, वेधशाळाच उभारावी, ताऱ्यांचाच प्रकाश फोडून बघावा असं ठरलं. मुंबईचं दमट आभाळ या कामाला सोयीचं नाही, म्हणून जागा निवडली पुण्याची. कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजचं शिवाजीनगरचं सीओईपी. १८८८ मध्ये महाराजांच्या नावाची ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली २० इंची परावर्तक दुर्बीण तिथे बसली. त्या वेळी ती भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण होती.

आता त्या हिरव्या रेघेकडे येऊ. ती समजली की नायगमवाला समजतात.

प्रकाश बारीक फटीतून आत घ्यायचा आणि लोलकातून न्यायचा. सूर्यप्रकाश असेल तर इंद्रधनुष्यासारखा अखंड पट्टा पसरतो. तापलेला विरळ वायू असेल तर पट्टा दिसत नाही, ठरावीक जागी तेजस्वी रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे त्या फटीचंच चित्र असतं. कुठल्या मूलद्रव्याच्या रेघा कुठे पडतात हे प्रयोगशाळेत बघून ठेवलेलं असतं, त्यामुळे रेघ बघून मूलद्रव्य ओळखता येतं. अंगठ्याच्या ठशासारखंच.

१८६४ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विल्यम हगिन्स या हौशी निरीक्षकाने (हो, हौशीच, आधी घरचा कापडाचा धंदा बघणारा माणूस) घरच्या वेधशाळेतून कालेय तारकासमूहातल्या एका ग्रहीय तेजोमेघाचा प्रकाश असा फोडून बघितला. तोवर पुष्कळांना वाटायचं, की तेजोमेघ म्हणजे दूरच्या ताऱ्यांची गर्दीच असणार, दुर्बीण मोठी केली की तारे सुटे दिसतील. हगिन्सला दिसली एक ठळक हिरवट रेघ आणि शेजारी दोन फिकट. तारे नाहीतच, हा वायू आहे, हे एका नजरेत ठरलं. फिकट रेघांपैकी एक हायड्रोजनची निघाली. पण ती ठळक रेघ पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना.

मग तर्क सुरू झाले. नॉर्मन लॉकयर हे त्या काळचं फार मोठं नाव. ‘नेचर’ नियतकालिकाचे संस्थापक संपादक. सूर्याच्या प्रकाशातल्या एका पिवळ्या रेघेवरून त्यांनी हेलियम हे नवं मूलद्रव्य मांडलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे. उल्का एकमेकींवर आपटतात, तापतात, आणि त्यांच्यातल्या मॅग्नेशियमचा उजेड आपल्याला दिसतो. जळत्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात जवळपास त्याच जागी एक पट्टी असतेच. हगिन्सना हे पटत नव्हतं.

दोन दिग्गजांचं भांडण. पण ते सोडवायची एक साधी कसोटी होती. मॅग्नेशियमची पट्टी एका कडेला रेखीव असते आणि दुसऱ्या कडेला विरत जाते, ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. वायूची रेघ असेल तर ती दोन्ही कडांनी रेखीव दिसली पाहिजे. म्हणजे उरलं काय, तर रेघेची कड नीट बघायची.

हे काम नायगमवालांनी पुण्यात अंगावर घेतलं. त्यासाठी त्यांनी मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ निवडला. तो ग्रहीय प्रकारचा नाही, तिथे तारे जन्माला येतात. पण रेघ तीच. शिवाय मृग पुण्याहून चांगला उंच दिसतो आणि हिवाळ्यात दिसतो, पावसाचं भय नाही. वेगवेगळ्या परिस्थितीत त्यांनी रेघ तपासली आणि निष्कर्ष काढला, की रेघ दोन्ही बाजूंनी रेखीवच आहे, कड कुठेही विरत नाही. १८९१ मध्ये हे निरीक्षण लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापून आलं. तिकडे कॅलिफोर्नियात लिक वेधशाळेच्या कीलर यांनी रेघेची जागा अतिशय बारकाईने मोजली, तीही मॅग्नेशियमशी जुळेना. लॉकयर यांची उल्कांची कल्पना मागे पडत गेली.

मला यातलं महत्त्वाचं काय वाटतं सांगतो. नायगमवालांनी नवा सिद्धांत मांडला नाही. रेघ कशाची आहे हेही ते सांगू शकले नाहीत. वसाहतीतल्या कॉलेजातला तिशीतला प्राध्यापक, समोर साम्राज्यातला नावाजलेला शास्त्रज्ञ, आणि विषय फक्त रेघेची कड कशी आहे हा. जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. प्रयोगवहीत आधी उत्तर आणि मग निरीक्षण लिहिणाऱ्या आपल्या मुलांना (आणि खरं बोलायचं तर तशी वही तपासून सही करणाऱ्या आपल्यालाही) ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आता आपल्या भागाचा संबंध. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. मुलांना महाराष्ट्राचा नकाशा द्या आणि कोकणातल्या विजयदुर्गापासून सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याजवळच्या जेऊरपर्यंत दोरा ताणायला सांगा. दोरा कऱ्हाडच्या अगदी जवळून जातो. चंद्राची सावली त्या दुपारी साधारण याच वाटेने गेली. तेव्हाच्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग, कऱ्हाड आणि आज सांगली जिल्ह्यात असलेला वाळव्याचा मुलूख, खग्रास पट्ट्यात होता. सांगली शहर जरा दक्षिणेला राहिलं, तिथे खंडग्रासच दिसलं. (सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं सांगली झालं.)

दोऱ्याच्या एका टोकाला, विजयदुर्गावर, स्वतः लॉकयर होते. दुसऱ्या टोकाला, जेऊरला, नायगमवाला. सात वर्षांपूर्वी ज्यांच्या मताविरुद्ध निरीक्षण छापलं, ते आणि हे, एकाच सावलीच्या दोन टोकांना. मधे आपला कृष्णाकाठ.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, कारण ही चूक आपणच वर्गात सांगतो. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत आणि तिथून १८६८ मध्ये लॉकयरने हेलियम शोधला असं सहलीत सांगितलं जातं. मीही दोन सहलींत सांगितलंय. १८६८ मध्ये लॉकयर भारतात आलेच नव्हते. त्यांनी ती निरीक्षणं त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच केली होती, आणि तीही ग्रहण नसताना. विजयदुर्गाला ते आले १८९८ च्या ग्रहणाला. ओटे खरे, साहेब खरा, साल चुकीचं.

जेऊर निवडण्याचं कारण सोपं, ते पुणे–सोलापूर रेल्वेवर होतं. जड पेट्या, काचेच्या फोटोप्लेटा, लोलक, सगळं रेल्वेने नेता येत होतं. तिथे परदेशी तुकड्याही उतरल्या होत्या. लिक वेधशाळेचे कॅम्पबेल पत्नीसह आले होते. पुण्यात प्लेगची साथ चालू होती. रँडचा वध होऊन वर्षही झालं नव्हतं. अशा दिवसांत नायगमवाला आपलं सामान घेऊन माळावर तळ ठोकून बसले होते.

खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची. ती सुरू होताना आणि संपताना काही सेकंद सूर्याच्या कडेच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा एकदम उजळतात. ते टिपायचं आणि मधल्या वेळात प्रभामंडळाचा वर्णपट घ्यायचा. प्लेट घाल, उघड, मोज, बंद कर, दुसरी घाल. हात थरथरला तर संपलं, पुन्हा करून बघायची सोय नाही. आमच्या ऐंशी फोटोंतले वीस आम्ही फेकून दिले आणि काही बिघडलं नाही, हा फरक मुलांना नीट समजावून सांगावा लागला. नायगमवालांचे फोटो मिळाले. त्यांचा तपशीलवार अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेचं पहिलं प्रकाशन म्हणून निघाला.

पहिलं खरं, पण परंपरा काही तयार झाली नाही.

वेधशाळा चालत होती ती एका माणसावर. पुढे शिकवण्याचं काम सुटून नायगमवाला पूर्णवेळ वेधशाळेचेच झाले, पण त्यांच्या हाताखाली तयार होऊन त्यांची जागा घेणारं कुणी उभं राहिलं नाही. सरकारचं लक्ष दक्षिणेत नव्याने उभारलेल्या कोडाईकनालच्या वेधशाळेवर होतं. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. २० इंची दुर्बीण आणि बाकीचं सामान पेट्यांत भरून कोडाईकनालला गेलं. पाहुण्या महाराजांकडे मागून मिळवलेली, तीस वर्षांच्या आयुष्याची जमवाजमव. पुढे कोडाईकनालला ही दुर्बीण ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली गेली. पुण्याचं नाव त्यातून गेलं.

हे वाचताना मला आमचीच दुर्बीण आठवली. ती मी आणलेली नाही. माझ्या आधीच्या एका शिक्षकांनी विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने ती मिळवली होती. त्यांची बदली झाली आणि खोकं कपाटात गेलं ते सहा वर्षं. मी उघडलं तेव्हा आरशावर बुरशीची नक्षी होती आणि झुरळांनी अंडी घातली होती. दोष कुणाचा नव्हता. वापरायची कशी हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, एवढंच.

नायगमवाला निवृत्तीनंतर पुष्कळ जगले, १९३८ पर्यंत. त्यामुळे हिरव्या रेघेचं उत्तर त्यांच्या हयातीतच सापडलं. बराच काळ शास्त्रज्ञांनी ‘नेब्युलियम’ नावाचं एक मूलद्रव्यच कल्पून ठेवलं होतं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी दाखवलं, की असं मूलद्रव्य नाही. रेघ आहे आपल्या नेहमीच्या ऑक्सिजनची. फक्त तिथल्या ऑक्सिजनच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. असा अणू धक्का लागून उत्तेजित झाला, की ही हिरवी रेघ देऊन शांत व्हायला त्याला सरासरी सुमारे ४० सेकंद लागतात. प्रयोगशाळेतल्या दाटीत तेवढी सवड कुठली. त्याआधीच दुसरा अणू येऊन आदळतो आणि ऊर्जा परस्पर निघून जाते. तेजोमेघ इतका विरळ असतो की अणूला निवांत वाट बघता येते. म्हणून पृथ्वीवर ही रेघ कुणाला जुळत नव्हती. बोवेनचा शोध लागला तेव्हा नायगमवालांनी सत्तरी गाठली होती. लॉकयर जाऊन सात वर्षं झाली होती.

म्हणजे सातवीतल्या त्या मुलीला उत्तर मिळालं. एम २७ च्या प्रकाशाचा मोठा वाटा ५००.७ नॅनोमीटरच्या या एका रेघेत आहे, म्हणून तो निळसर हिरवा. त्यात हायड्रोजनची लाल रेघही असते, पण साध्या डीएसएलआरच्या आत बसवलेली काच तो लाल बराचसा अडवते, त्यामुळे आमच्या फोटोत हिरवा जास्तच उठून आला. तिने लगेच हिशोब केला. अणू थांबतो ४० सेकंद आणि आपण शटर उघडं ठेवलं १५ सेकंद, म्हणजे आपल्यापेक्षा त्याला धीर जास्त आहे. यावर मला काही सुचलं नाही.

फक्त ही रेघ आत सोडणारे फिल्टर मिळतात, त्यांना ओ-थ्री म्हणतात. गावातल्या दिव्यांचा उजेड ते बराच अडवतात, त्यामुळे सातारा किंवा सांगली शहरातल्या गच्चीवरूनही ग्रहीय तेजोमेघ टिपता येतो. किंमत मात्र शाळेला जड जाते. तोवर फुटलेल्या सीडीचा तुकडा, पुठ्ठ्याचा डबा आणि ब्लेडने पाडलेली फट यांचा वर्णपटदर्शक करा. सीएफएल बल्बच्या रेघा त्यात छान दिसतात. एलईडीचा पट्टा अखंड दिसतो, दोन्ही शेजारी दाखवा. सूर्याकडे मात्र कुणी रोखू नये, हे दहा वेळा सांगा.

माझी बदली बहुतेक येत्या मे-जूनमध्ये होईल. जानेवारीपासून दर शनिवारी संध्याकाळी सातवीतल्या चार मुली आणि दोन मुलगे दुर्बीण स्वतः जोडतात, मी लांब खुर्ची टाकून बसतो. ध्रुवाला अक्ष लावायला त्यांना आधी पाऊण तास लागायचा, गेल्या शनिवारी बावीस मिनिटं लागली. पालक सभेत ठरल्याप्रमाणे कपाटाची एक किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे आणि दुसरी गावातल्याच एका आईकडे. त्यांची बदली होत नाही.